लेक म्हणते, आता शिकारीला येणार नाही

पत्र (थोडं काटछाट करून):

नमस्कार ताई,

आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं कोलोरॅडोत डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. इथल्या सहकाऱ्यांमुळे मला शिकारीचा नाद लागला. दर ऑक्टोबरला एल्क या मोठ्या हरणाच्या मागे डोंगरात जाणं हा माझा सण आहे म्हणा ना. गेल्या वर्षी मोठ्या लेकीला बारा पूर्ण झाली. तिने हंटर एज्युकेशनचा कोर्स हौसेने केला, कार्ड मिळाल्यावर आजीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. मी तिच्या नावाने मादी एल्कचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, काढला आणि आम्ही दोघं दहा हजार फुटांवर तंबू ठोकून राहिलो. पहिल्या दिवशी बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लांबवर कळप दिसला, पण पोचेपर्यंत अंधार झाला. तिसऱ्या दिवशी ती स्लीपिंग बॅगमधून बाहेरच आली नाही. तेव्हापासून शिकारीचा विषय निघाला की उठून खोलीत जाते.

धाकटा आठ वर्षांचा आहे. "मला कधी नेणार?" म्हणून तो रोज डोकं खातो, पण त्याचा सगळा रस बंदुकीत आहे. बायको म्हणते, तुमचा नाद पोरांवर लादू नका. सांगलीहून आई म्हणते, एवढ्याशा पोरीला जीव घ्यायला लावतोस, हे पाप कुठे फेडशील? एप्रिलच्या सुरुवातीला टॅगच्या सोडतीची (ड्रॉची) मुदत संपते. लेकीचा एल्कचा अर्ज भरू की नको? आणि मुलांना याची गोडी लावायची, टिकवायची कशी?

एक बाबा

*

प्रिय बाबा,

ज्या प्रश्नाला तारीख आहे त्याचं उत्तर आधी. लेकीच्या नावाने एल्कचा अर्ज यंदा भरू नका. भरलाच तर प्राँगहॉर्न या माळावरच्या हरणासारख्या प्राण्याच्या मादीचा भरा, तोही तिला विचारून. ती नको म्हणाली तर नुसता प्रेफरन्स पॉइंट (पुढच्या सोडतीत नंबर वर लागायला मदत करणारा) घ्या, आणि त्यालाही ती नको म्हणाली तर सोडून द्या. तेराव्या वर्षी एक हंगाम चुकला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

आता गेल्या ऑक्टोबरबद्दल. ताजा बर्फ, त्यात उमटलेले खुर, संध्याकाळी उघड्यावर आलेला कळप हे सगळं शिकाऱ्याच्या नजरेने वाचलं तर मला तुमचा हेवा वाटतो. तेच तिच्या बाजूने वाचून बघा. पहाटे चारला उठायचं, अंधारात बाबांच्या टॉर्चमागे चढ चढायचा, दम लागला तरी बोलायचं नाही, मग घामेजलेल्या अंगाने तासन्‌तास एका ओंडक्याला टेकून बसायचं. कळप दिसल्यावर तुम्ही भरभर चालायला लागला असणार, हे मी पैजेवर सांगते. मागे पडलेली मुलगी त्या वेळी काय विचार करत होती? कळप निघून गेला याचं तिला कदाचित काहीच वाटलं नसेल. आपल्यामुळे बाबांची शिकार हुकली, हे मात्र शंभर टक्के वाटलं असेल. टॅगवर नाव तिचं होतं, बाकी सगळी शिकार तुमची होती.

आणि समजा, मिळाली असती? मादी एल्क सव्वादोनशे किलोच्या आसपास असते. संध्याकाळी गोळी लागली असती तर अंधारात, बर्फात आतडी काढायची, फऱ्या आणि मांड्या सोडवायच्या, पिशव्यांत भरून पाठीवरून खाली आणायच्या. दोन दणकट माणसांचाही त्यात दुसरा दिवस जातो. पहिल्या शिकारीची आठवण म्हणून एवढं ओझं बारा वर्षांच्या खांद्यावर नको.

तिला काय नको झालंय हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय बाकीचे सल्ले फुकट आहेत. थंडी नको झाली? कंटाळा? की प्राणी मारणं? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. समोर बसवून विचारू नका, या वयाची मुलं समोरासमोर बसवली की "काही नाही" एवढंच म्हणतात. गाडीत विचारा, दोघांची नजर रस्त्यावर असताना.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारूच नका, तिच्या आईला विचारू द्या. बारा-तेरा वर्षांची मुलगी, एकच तंबू, सोबत फक्त बाबा, बाहेर बर्फ आणि आडोशाला झाडं. पाळी आली असेल किंवा येईल अशी भीती असेल, तर स्लीपिंग बॅगमधून बाहेर न येण्याला दुसरं कारण शोधायची गरज नाही. शिकारीच्या कॅम्पवर बायकामुलींच्या सोयीचा विचार पिढ्यान्‌पिढ्या कुणी केला नाही, कारण तिथे पुरुषच जायचे. उपाय अगदी साधे आहेत. उभं राहता येईल असा छोटा आडोशाचा तंबू मिळतो, तो वेगळा लावा. पॅड, वेट वाइप्स, वापरलेलं परत आणायला झिपच्या पिशव्या असा डबा तिचा तिला भरू द्या. गरम पाणी लागेल तेव्हा मागता येईल, कारण सांगावं लागणार नाही, हे आधीच ठरवून टाका. पहिल्या एक-दोन खेपांना रात्र तंबूत काढूच नका. जवळच्या गावात मोटेलची खोली घ्या. त्याने तुमच्या शिकारीपणाला बट्टा लागणार नाही.

थंडीचं निस्तरणं सोपं आहे. मुलांच्या पायांना गार लागतं ते बऱ्याचदा जास्त मोज्यांमुळे. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही. एक नंबर मोठा बूट, त्यात एकच लोकरीचा मोजा आणि बसायच्या जागी पोचल्यावर बदलायला सुका जोड. सुती काहीही नको. चढताना जाकीट काढून सॅकला बांधायचं आणि बसल्यावर घालायचं, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं. बसायला फोमचा तुकडा न्या.

कंटाळ्याचं उत्तर म्हणजे प्राँगहॉर्न. एल्क जंगलात असतो आणि दिवसाचा बराच वेळ दिसत नाही. प्राँगहॉर्न उघड्या माळावर असतो आणि दिवसभर दिसतो, मुलांसाठी एवढा एक फरक पुरेसा आहे. उत्तरेकडच्या नॉर्थ पार्क खोऱ्यातल्या सेजच्या झुडपांच्या रानात किंवा पूर्वेच्या सपाटीवर दुर्बीण लावून बसलं की एका सकाळी कितीतरी जनावरं नजरेस पडतात. कोण नर, कोण मादी, कुठला कळप पाण्याकडे चाललाय, वारा कुठून येतोय, मधली घळ कुठे उतरते हे सगळं तिला समोर दिसतं आणि बेत तिलाच आखता येतो. आखलेला बेत फसला तरी तासाभरात दुसरा कळप सापडतो. हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, म्हणजे दुपारी टी-शर्टवर बसता येईल असा. जनावर ४०-५० किलोचं, दोघांत उचलून गाडीपर्यंत आणता येतं. शिवाय हा प्राणीच पोरांच्या पसंतीचा आहे. ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने पळतो, नजर इतकी तिखट की मैलभरावरून माणूस ओळखतो, आणि एवढं असून कुंपण आलं की उडी मारायची सोडून तारेखालून सरपटतो. हे पहिल्यांदा बघून माझी मुलं माळावर हसत लोळली होती. कळप अर्थात पळाला.

पूर्वेकडची बहुतेक जमीन खासगी आहे, आणि कोलोरॅडोत पाटी नसली तरी परवानगीशिवाय आत जाता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. परवानगी मागायला जाताना लेकीला बरोबर न्या आणि बोलायचं काम तिला द्या. जून-जुलैमध्ये, हंगामाच्या खूप आधी. टॅग मुलीचा आहे आणि मादीचा आहे म्हटल्यावर रँचवाले बरेचदा विरघळतात. टॅगही मोठ्या नरांच्या मानाने मादीचे लवकर मिळतात, आणि लहानांचं लायसन्स स्वस्तही असतं.

दिवसाची लांबी तिने ठरवायची. पहाट ते दहा, मग गावात जाऊन पॅनकेक, झोप, वाटलं तर संध्याकाळी दोन तास. सॅकमध्ये पुस्तक चालेल. तुम्ही दुर्बिणीतून बघता तेव्हा तिने पुस्तक वाचलं तर शिकारीचा अपमान होत नाही. आणि मुलगी अजून रंगात आहे, उद्याही येऊ म्हणते आहे, तेव्हाच निघा. दमून रडकुंडीला आल्यावर निघालात तर तिला तेवढंच लक्षात राहील.

रायफलबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून शंका येते. तिच्या हातात तुमचीच दिली होती का? थ्री हंड्रेड मॅग्नमसारख्या दणकट रायफलीचा धक्का खाल्लेलं मूल चाप ओढताना डोळे मिटायला लागतं, आणि ती सवय सुटायला वर्षं जातात. तिला टू-फोर्टी-थ्री, सेव्हन एमएम-ओएट किंवा सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर यांतली एखादी हलक्या धक्क्याची रायफल द्या. कोलोरॅडोत प्राँगहॉर्नला निदान पॉइंट टू-फोर इंच व्यासाची गोळी लागते, तिन्ही त्यात बसतात. दस्ता तिच्या हाताच्या मापाचा हवा. मोठ्यांचा दस्ता लांब पडतो, मग मूल मान पुढे ताणतं आणि स्कोपची कडा भुवईवर बसते. धक्का कमी व्हावा म्हणून नळीला ब्रेक लावू नका, त्याने आवाज वाढतो आणि बाजूला बसलेल्याचे कान जातात. सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारी नळी, इथे शिकारीला चालतो, त्याला केंद्राची नोंदणी लागते. जमत असेल तर घ्या. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि लहानपणी गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. रेंजवर कानात बोळे आणि वरून मफ (कान झाकणारं आवरण), दोन्ही. रानात इलेक्ट्रॉनिक मफ घाला. त्यातून कुजबूज ऐकू येते आणि स्फोट अडतो.

सराव मात्र मोठ्या रायफलीवर फार करायचा नाही. उन्हाळाभर पॉइंट टू-टू या छोट्या रायफलीवर कागद आणि डबे फोडू द्या, मोठीच्या चार-पाच गोळ्या आणि परत टू-टू. घरी रिकाम्या रायफलीवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नुसता चाप ओढायचा सराव. बाकावरून नेम धरणं रेंजपुरतं. माळावर तिला काठ्यांच्या तिवईवरून, बसून मारायचंय, तसाच सराव हवा. जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात दहापैकी दहा ज्या अंतरावरून बसतात ते तिचं अंतर. ते शंभर यार्ड निघालं तर शंभर. एकशेवीसवर कितीही देखणी मादी उभी असली तरी नाही.

चाप तिचा आहे, हे तुम्ही तिला तोंडाने सांगायला हवं, आणि रानात जायच्या आधी. "जनावर आडवं उभं आहे, मागे टेकाड आहे, अंतर बरोबर आहे, सगळं जमून आलंय आणि तरीही तुला वाटलं की नको, तर रायफल खाली ठेव. मी कारण विचारणार नाही." मग खरंच विचारू नका. परतीच्या वाटेवरही नाही. एकदा असं घडलं आणि तुम्ही चेहरा पाडला नाहीत, तर ती पुन्हा येईल, एवढं मी खात्रीने सांगू शकते. आणि तिला मारायचंच नसेल, कधीच, तर माग काढणारी आणि दुर्बीण सांभाळणारी म्हणून येऊ द्या. कॅम्पवर अशी मोठी माणसंही असतात आणि त्यांच्याशिवाय कॅम्प चालत नाही.

गोळी सुटली की पुढची दहा मिनिटं मुलांना आयुष्यभर आठवतात. नीट लागली तर जनावर थोडं पळून पडतं. लगेच धावायचं नाही, थांबायचं. कुठे उभं होतं, कुठे दिसेनासं झालं ते तिला सांगू द्या. नंतर रक्ताचा माग ती पुढे, तुम्ही मागे. जखमी जनावर सापडेपर्यंत दिवसाचा बाकी सगळा कार्यक्रम रद्द, हे तिला आधीपासून माहीत हवं. शिकारीची हीच एक अट मी मुलांना कडकपणे घालते, बाकी सगळ्यात ढील देते.

सापडल्यावर ती रडेल कदाचित. रडू द्या. "अगं, आनंदाची गोष्ट आहे" असलं काही बोलू नका. पाठीवर हात ठेवून गप्प उभे राहा. काही जण पहिल्या शिकारीचं रक्त पोरांच्या गालाला लावतात. तुमच्या मित्रमंडळींत तशी पद्धत असेल तर त्यांना आधीच नाही म्हणून सांगा. टॅगवर सही आणि तारीख तिने घालायची, ते तिचं काम. फोटो तिने मागितला तर काढायचा, जीभ आत ढकलून, रक्त पुसून, आणि तो कुणाला पाठवायचा हेही तिने ठरवायचं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. साताऱ्याच्या मावशीपासून पुण्याच्या चुलत दिरापर्यंत प्रत्येक जण मत देईल आणि ती मतं तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला वाचावी लागतील.

गोडी टिकवण्याचं खरं ठिकाण मात्र स्वयंपाकघर आहे, असं मला वाटतं. आपल्याकडच्या मुलांना मटण कुठून येतं हे माहीत नसतं, इथल्या सुपरमार्केटच्या पोरांना त्याहून नाही. लहान सुरी देऊन पुठ्ठ्याच्या मांसाची कड कशी सोडवायची, पांढरी चरबी का काढून टाकायची हे शिकवा. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते आणि "जंगली वास येतो" म्हणून लोक ज्याची तक्रार करतात तो बराचसा तिचाच असतो. प्राँगहॉर्नचं मांस ऊन असताना गाडीत पडून राहिलं तर खराब होतं. कातडं लगेच काढून, बर्फाच्या पेटीत ठेवून घरी आणलं तर त्यासारखं नाजूक मांस नाही. मधल्या कण्याजवळच्या पट्ट्या लोखंडी तव्यावर लोण्यात, दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बस. खिमा करताना चरबी नसल्याने कोरडा होतो, म्हणून कांदा जास्त घाला. आणि नळ्यांचं अळणी पाणी? तुम्ही सांगलीचे आहात, तांबडा-पांढरा कसा करायचा हे मी तुम्हाला सांगायला नको. आपण आणलेल्या जनावराचा पांढरा रस्सा चार मित्रांच्या घरची माणसं वाटी तोंडाला लावून पितात, तेव्हा पोरीला जे वाटतं ते कुठल्याही शिंगांच्या मापातून मिळत नाही.

दोन काळज्या घ्या. मुलांसाठी तांब्याची गोळी वापरा. शिशाची गोळी आत फुटते, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात, आणि मुलांच्या शरीरात शिशाचं कुठलंच प्रमाण निर्धोक मानत नाहीत. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. दुसरी गोष्ट क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची, म्हणजे हरणांना झिजवून मारणाऱ्या रोगाची. हा रोग १९६७ मध्ये आपल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला आणि आता अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत पसरलाय. माणसाला झाल्याचं उदाहरण नाही, तरी म्यूल डिअर (इथलं एक हरीण) किंवा एल्क आणलात तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. रोग निघाला तर खायचं नाही. प्राँगहॉर्नमध्ये हा रोग आढळलेला नाही. पहिल्या शिकारीसाठी तो निवडायला हे आणखी एक कारण.

वर्षातले बाकीचे महिने विसरू नका. हंगाम आठवड्याभराचा आणि मूल बारा महिन्यांचं. एल्क आणि हरणांचे नर दरवर्षी शिंगं टाकतात आणि ती रानात पडलेली असतात. आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल ती उचलायला बंदी आहे, कारण हिवाळ्यात अशक्त झालेल्या जनावरांना माणसांनी पळवू नये. १ मेपासून मात्र मोकळीक. दोन्ही पोरांना घेऊन जा. यात कुणाचा जीव जात नाही, आवाज करायला हरकत नाही, आणि सापडलं तर घरी नेता येतं. सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या मोरेन पार्कात जाऊन बसा. तिथे शिकारीला बंदी आहे म्हणून एल्क निर्धास्त असतात आणि नर माजावर येऊन शीळ घालतात. एवढ्या अवाढव्य जनावराच्या गळ्यातून तो बारीक, चिरकत वर चढणारा सूर ऐकून माझा भाचा म्हणाला होता, "याला कुणीतरी चिमटा काढतंय." (पार्कातलं पडलेलं शिंग मात्र कधीही उचलायचं नाही.)

आईंचं काय? त्या माळकरी असतील तर वाद घालूच नका. नसतील आणि घरी रविवारी मटण शिजत असेल, तरी "मग ते कुठून येतं?" असं विचारून त्यांना गप्प करण्यात अर्थ नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे शिकार म्हणजे मेलेल्या वाघावर पाय ठेवलेले संस्थानिक, नाहीतर रात्रीचे चोरटे. टॅग मोजून देतात, मादीचे किती आणि नराचे किती हे कळपाच्या गणतीवर ठरतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते. १९१३-१४ मध्ये एस्टेस पार्कला यलोस्टोनहून आणून सोडावे लागले. आज इथला कळप अमेरिकेतला सगळ्यात मोठा आहे. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तो १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांवर आणि हंटर एज्युकेशनवर खर्च होतो. हे सगळं खरं आहे, त्यांनी विचारलं तर सांगा. पण मला वाटतं, त्यांची काळजी एल्कच्या संख्येची नाहीच. नातीचं मन निबर होईल, अशी त्यांना भीती आहे. ती भीती आकड्यांनी जात नाही. नात फोनवर स्वतःहून काय सांगते त्याने जाईल, किंवा जाणार नाही. तुम्ही मध्ये बोलू नका.

तुमच्या बायकोशी मी बरीचशी सहमत आहे. "लादू नका" याचा अर्थ त्या "नेऊ नका" असा काढत असतील तर तेवढं मान्य नाही. त्यांना एकदा माळावर बोलवा, फक्त दुर्बीण घेऊन.

एक सूचना भारतात सुट्टीला जाणाऱ्या सगळ्यांसाठी. रेंजवर किंवा रानात नेलेली सॅक आणि जाकीट विमानप्रवासाला वापरू नका. खिशाच्या कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो, आणि "मुलीचं राहिलं असेल" हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

राहिला धाकटा. त्याला बंदूक हवी आहे याची मला काळजी वाटत नाही, आठव्या वर्षी सगळ्यांनाच हवी असते. तुम्ही त्याला चार वर्षं "मोठा झालास की" म्हणून ताटकळत ठेवलंत, तर मात्र ती बंदूकच त्याच्यासाठी सगळं होऊन बसेल. तुमच्या काउंटीत 4-एच या मुलांच्या संघटनेचा नेमबाजीचा गट आहे का बघा. कोलोरॅडोत आठव्या वर्षापासून मुलांना त्या गटात घेतात आणि तिथे आई-बाप सोडून दुसरं कुणीतरी शिकवतं, हे फार चांगलं. बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी माणसाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, गोळी कुठे जाईल आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत हवं, एवढं त्याने झोपेतही म्हणून दाखवलं पाहिजे. घरात तिजोरी बंद, किल्ली तुमच्याजवळ, काडतुसं वेगळी. मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवा, असं २०२१ पासून कोलोरॅडोचा कायदाच सांगतो, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

ऑक्टोबरमध्ये त्यालाही माळावर न्यायचं असेल तर न्या, पण मग तुम्ही एकटे पुरणार नाही. बारा ते पंधरा वयाच्या शिकाऱ्याजवळ मोठ्या माणसाने कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं असतं, आणि त्या वेळी तुमचं सगळं लक्ष तिच्याकडे हवं. त्याच्यासाठी दुसरं मोठं माणूस लागेल. त्याच्या आईला विचारून बघा. त्याला केशरी जाकीट आणि टोपी घाला, कायदा शिकाऱ्यालाच मागत असला तरी. दुर्बीण आणि वही द्या, आणि कळप मोजायचं काम त्याच्याकडे सोपवा. तिचा टॅग भरला, म्हणजे शिकार मिळाली, तर कंबरपट्ट्याला सुरी लावून मदतीला यायचंय त्याने, हेही आधी सांगून ठेवा. नाहीतर ऐन वेळी दोघांत भांडण.